टेबलाखालचा नवरा

फ्रेंच नाटककार मोलिएरच्या 'तार्त्युफ'च्या मराठी प्रयोगात मी एल्मीरची भूमिका करते. देवभक्तीचं सोंग घेऊन घरात शिरलेला तार्त्युफ आणि त्याच्या पुरता नादी लागलेला घरमालक ऑर्गॉन. बायको एल्मीर तापाने फणफणली होती असं मोलकरीण दोरीन सांगते, तर ऑर्गॉन विचारतो, "आणि तार्त्युफ?" तो चापून जेवला, गाढ झोपला, असं कळल्यावर म्हणतो, "बिचारा!" असं चार वेळा. इथे प्रेक्षक हमखास हसतात.

तालुक्याच्या गावी दुपारचा प्रयोग होता. महिला मंडळांनी तिकिटं घेतली होती, त्यामुळे प्रेक्षागृहात बायकाच जास्त. "बिचारा"वर असा हशा उसळला, की दोरीनला पुढचं वाक्य घेता येईना.

चौथ्या अंकात टेबलाचा प्रवेश. तोवर ऑर्गॉनने तार्त्युफविरुद्ध बोलणाऱ्या मुलाला घराबाहेर काढलंय, इस्टेट तार्त्युफच्या नावे केलीय. तार्त्युफचा आपल्यावर डोळा आहे, या बायकोच्या सांगण्यावरही विश्वास नाही, म्हणून एल्मीर त्याला टेबलाखाली बसवते आणि तार्त्युफला बोलावून घेते. खात्री पटली की बाहेर या, एवढंच तिचं सांगणं.

तार्त्युफ जवळ येतो. मी नवऱ्याला इशारा म्हणून खोकते. टेबलाखाली हालचाल नाही. तार्त्युफ मला ज्येष्ठमध देऊ करतो, प्रेक्षक हसतात. देवाची मनाई असली तरी देवाशी तडजोड करता येते, असं तो समजावतो. छापील नाटकात मोलिएरला इथे मुद्दाम सूचना घालावी लागली, की हा बदमाश बोलतोय. १६६४मध्ये फ्रान्सच्या राजापुढे व्हर्सायला झालेल्या प्रयोगानंतर या नाटकावर बंदी आली आणि मोकळेपणी प्रयोग करायला १६६९ उजाडलं, हे लक्षात घेतलं की त्या सूचनेमागची धास्ती कळते.

मी पुन्हा खोकले. या वेळी हशा तुरळक. पुढच्या खोकल्याला कुणीच हसलं नाही. तार्त्युफचा हात माझ्या बाहीवर होता, टेबलक्लॉथची झालर जराही हलत नव्हती आणि पुढच्या रांगेतून एका बाईंचा खणखणीत आवाज आला, "अहो, बाहेर या की आता!"

त्या तार्त्युफला काही बोलल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याला हाक मारली.

यानंतर एल्मीरचं मोठं भाषण आहे. बोलते तार्त्युफशी, ऐकवते नवऱ्याला: माझ्या शब्दावर विश्वास नाही, आणखी पुरावा हवाय, तर मला नमावंच लागेल, यात काही पाप असेल तर ते मला भाग पाडणाऱ्याच्या माथी. लांबतं म्हणून तालमीत ते अर्धं कापायचं चाललं होतं. मी हटून बसले होते, कारण माझ्या मते अख्ख्या नाटकात एल्मीर इथेच स्वतःसाठी बोलते. त्या दुपारी मी ते टेबलाकडे बघत, एकेक शब्द सुटा करत म्हटलं. प्रेक्षागृहात चिडीचूप.

आणि तरी ऑर्गॉन बाहेर येत नाही. नवरा आसपास आहे का बघून या, असं मी तार्त्युफला सांगते. तो म्हणतो, त्याची कसली काळजी, त्या माणसाला वेसण घालून हवं तिकडे नेता येतं. तो दाराकडे वळतो आणि आता झालर उचलली जाते. बायकोवर हात पडला तेव्हा जो उठला नाही, तो स्वतःचा अपमान ऐकून उठला. तार्त्युफचं कपट मला कधी फारसं खोल वाटलं नाही. त्याचा लोभ दोरीनलाही दिसतो. ते चालतं ऑर्गॉनच्या जिवावर, आणि त्याची किंमत भरते एल्मीर. मोलिएरने हे साडेतीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय, याचं मला दर प्रयोगाला नवल वाटतं.

ऑर्गॉन धापा टाकत उभा राहिला, "काय नीच माणूस आहे हो!" म्हणाला. माझं वाक्य होतं, "इतक्यात बाहेर आलात? जा, बसा परत खाली. शेवटपर्यंत बघा, म्हणजे पक्की खात्री पटेल."

टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. दाराशी पाठमोरा तार्त्युफ परत वळायला खोळंबला, ऑर्गॉनला माझ्या मागे लपायचं होतं तोही जागीच थांबला, आणि त्या पुढच्या रांगेतल्या बाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.