फिनलंडमधल्या खालच्या विभागातल्या क्लबचा खेळाडू-पास : माझा अनुभव

फिनलंडमध्ये हौशी फुटबॉलचा पास, म्हणजे लीगचे सामने खेळायचा परवाना, काढायला कागद फार लागत नाहीत. पण त्यांचा क्रम चुकला की एप्रिलमधला पहिला सामना हातचा जातो. महाराष्ट्रात किंवा गोव्यात आधी एखाद्या नोंदणीकृत संघातून खेळलेल्यांना इथे कुठे अडायला होतं ते मी या वाटेने जाऊन पाहिलं आहे, म्हणून सगळं तपशिलात लिहितो.

आधी कुठल्या पायरीवर खेळायचं ते ठरवा. 2024 पासून पुरुषांची शिडी वरून अशी आहे : वेइक्काउसलीगा, युक्कोसलीगा, युक्कोनेन, काक्कोनेन, कोल्मोनेन, नेलोनेन, वितोनेन, कुतोनेन. युक्कोनेनपासूनची नावं म्हणजे आपल्या पत्त्यांतले एक्का, दुर्री, तिर्री. मात्र आकड्यावर जाऊ नका. कोल्मोनेन म्हणजे तिर्री असली तरी ती पाचवी पायरी आहे. तिथे आठवड्याला तीन-चार सराव धरून चाला. वितोनेन-कुतोनेनमध्ये साधारण एक सराव आणि एक सामना. नोंदणीच नको असेल तर 'हॉन्त्सा' म्हणजे नुसतं जमून खेळणं आहेच, त्याला पास लागत नाही.

खालचा विभाग म्हणजे कालपरवा निघालेला क्लब असं समजू नका. हेल्सिंकीचा एचपीएस 1917 सालचा आहे. त्याने नऊ वेळा देशाचं अजिंक्यपद मिळवलं, शेवटचं 1957 मध्ये, आणि आज त्याचा पुरुष संघ खालच्या विभागांत खेळतो. पोन्निस्तुस तर 1887 चा, कामगारांचा क्लब. 1918 च्या यादवी युद्धानंतर 1919 मध्ये कामगारांची स्वतंत्र क्रीडा संघटना उभी राहिली, आणि तिच्याशी जोडलेले बरेच क्लब अजून टिकून आहेत. क्लबचा इतिहास चार ओळी तरी वाचून जा. तिथली माणसं तो मनापासून सांगतात.

संपर्क प्रशिक्षकाशी नव्हे, 'योयो'शी करायचा. संघव्यवस्थापकाच्या लांबलचक फिनिश पदनामाचं हे बोलीतलं रूप. यादी, मैदान, पैसे, पास, सगळं त्याच्या किंवा तिच्या हातात असतं, आणि बहुतेक ठिकाणी हे काम बिनपगारी, नोकरी सांभाळून चालतं. म्हणून मेल पाच ओळींचा ठेवा : वय, मैदानात खेळायची जागा, शेवटचा नोंदणीकृत क्लब आणि वर्ष, भाषा, आठवड्यातले मोकळे दिवस. 'सर' लिहू नका, इथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने एकेरीत हाक मारतात. मेल नोव्हेंबर ते जानेवारीत पाठवा. हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर असतो, पण संघ हिवाळ्यात, फुगवलेल्या तंबूच्या हॉलमध्ये बांधला जातो. मार्चमध्ये विचारणाऱ्याला जागा मिळते ती कुणी जखमी झालं तरच.

आता सगळ्यात नाजूक भाग, नाव. फिनलंडमध्ये राहायला आल्यावर अकरा चिन्हांचा वैयक्तिक ओळख क्रमांक मिळतो. बोलीत त्याला 'हेतू' म्हणतात. लोकसंख्या नोंदणीत नाव पासपोर्टवरून जसंच्या तसं उतरतं. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात पुष्कळदा वडिलांचं किंवा नवऱ्याचंही नाव असतं. भारतातल्या फुटबॉल नोंदणीत मात्र नुसतं नाव आणि आडनाव असतं, कधी स्पेलिंगही वेगळं. एकच माणूस दोन देशांत दोन नावांनी उभा राहतो आणि कागद तिथेच थांबतो. म्हणून पाल्लोलीत्तोच्या, म्हणजे फिनलंडच्या फुटबॉल संघटनेच्या, 'पेलिपाइक्का' या सेवेत प्रोफाइल उघडताना पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर टाका, आणि भारतातलं नोंदणीचं नाव योयोला वेगळं लेखी कळवा. प्रोफाइल एकदाच उघडा. पासवर्ड विसरला म्हणून दुसरं उघडलं तर पास एका प्रोफाइलवर आणि संघाची यादी दुसऱ्यावर, असा घोळ होतो.

मग आंतरराष्ट्रीय बदली प्रमाणपत्र. फिफाच्या नियमानुसार एका देशाच्या संघटनेकडे नोंद असलेला खेळाडू हे प्रमाणपत्र आल्याशिवाय दुसऱ्या देशात नोंदवता येत नाही. सूट फक्त दहा वर्षांखालच्या मुलांना. अठराच्या आतल्या खेळाडूंना वेगळे, जास्त कडक नियम आहेत. हौशी असलात, कुतोनेनमध्ये खेळणार असलात तरी हे लागू होतं. तुम्ही स्वतः दिल्लीला, भारतीय फुटबॉल महासंघाला, पत्र लिहायचं नाही. क्लब पाल्लोलीत्तोला सांगतो, पाल्लोलीत्तो भारतीय महासंघाकडे मागणी करते. फिफाच्या नियमात हे प्रमाणपत्र विनाशुल्क आहे, त्यामुळे त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. तुमच्याकडून लागतं ते एवढंच : पासपोर्टची प्रत, शेवटच्या क्लबचं पूर्ण नाव, वर्ष, आणि भारतीय महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीतला तुमचा क्रमांक. हा क्रमांक जुन्या क्लबच्या सचिवाकडून निघण्याआधीच घेऊन ठेवा. माझ्या बाबतीत सगळ्यात जास्त दिवस याच्यात गेले. कॉलेजच्या संघातून खेळताना आपली नोंदणी झाली होती का हेच कित्येकांना ठाऊक नसतं. 'कधीच नोंद नव्हती' असं अंदाजाने लिहू नका. नंतर नोंद सापडली तर तुम्ही अपात्र खेळाडू ठरता आणि क्लब सामना गमावतो.

प्रमाणपत्राची मागणी गेली की पास विकत घ्यायचा. तो विम्यासह किंवा विम्याशिवाय मिळतो. प्रौढांचा विमा महाग वाटतो, तरी मी विम्यासहच घ्या म्हणेन. साध्या अपघात विम्यातून स्पर्धात्मक खेळ बहुधा वगळलेला असतो, आणि गुडघा गेला तर सरकारी रांगेत एमआरआयसाठी थांबणं आणि खासगीत लगेच करून घेणं यात हंगामाचा फरक पडतो. विमा आधीचाच असेल तर त्यात लीगचे सामने धरले आहेत का, ते कंपनीकडून लेखी घ्या. पास पैसे भरल्यावरच चालू होतो, सरावात दुखापत झाल्यावर भरून उपयोग नाही.

क्लबची वर्गणी आणि हंगामाचं शुल्क वेगवेगळं येतं. बिलावर संदर्भ क्रमांक असतो, 'वीतेनुमेरो'. बँकेतून पैसे पाठवताना तो त्याच्याच रकान्यात टाका. संदेशात नाव लिहून पाठवलेली रक्कम खजिनदाराला हाताने शोधावी लागते आणि तोवर तुम्ही थकबाकीदार दिसता.

रोजची हजेरी बऱ्याच संघांत 'निमेनहूतो'वर असते. या शब्दाचा अर्थच नाव पुकारणं. प्रत्येक सरावाला आणि सामन्याला येणार, नाही, किंवा प्रश्नचिन्ह द्यायचं. प्रश्नचिन्ह ठेवून बसू नका. सात खेळाडूंपेक्षा कमी असतील तर सामना सुरू होत नाही, तो सोडून द्यावा लागतो आणि क्लबला दंड बसतो. योयो त्या यादीवरूनच गाड्यांची सोय आणि संघाचा कागद करते. जुलैत बऱ्याच विभागांना सुट्टी असते. भारतवारी त्याच वेळी काढली तर संघाचं नुकसान होत नाही.

मैदानं बहुतेक कृत्रिम हिरवळीची. लांब धातूचे स्टड चालत नाहीत, आखूड आणि जास्त संख्येचे घ्या. बाहेर पडताना बूट ब्रशवर घासून काळे रबरी दाणे मैदानातच पाडा. युरोपीय संघाने 2023 मध्ये असे दाणे विकण्यावर बंदी घातली. मैदानांसाठी ती ऑक्टोबर 2031 पासून लागू होईल, आणि तोवर ते ओढ्या-नाल्यात जाऊ न देणं खेळाडूंच्याच हातात आहे.

पास आला म्हणजे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं 'ताल्कोत', म्हणजे सगळ्यांनी मिळून बिनपैशाने करायचं काम. आपल्याकडे इर्जिकीला सगळा गाव एकाच्या शेतात उतरतो, तसंच. घरच्या सामन्याला कॉफी आणि माक्कारा, म्हणजे सॉसेज, विकून चेंडूंचा खर्च निघतो. लिटरला 60 ग्रॅम पूड धरा. पाच लिटर कॉफीला 300 ग्रॅम लागते, तेवढ्यात दीड डेसिलिटरचे तेहेतीस कप होतात. मध्यंतर पंधराच मिनिटांचं आणि सगळे तेव्हाच येतात, म्हणून पंपाचे थर्मास आधीच भरून ठेवा. कोळसा चाळीस मिनिटं आधी पेटवा आणि ज्वाळा बसल्याशिवाय सॉसेज टाकू नका. मोठ्या आचेवर ती फुटतात आणि चरबी पेटते. शाकाहारी सॉसेजला वेगळी फॉइल आणि वेगळा चिमटा ठेवा. रोख आता फार कमी, मोबाइलपेचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावा. ही रक्कम सामायिक खात्यातच जायला हवी. ज्याने जितकं काम केलं तितकं त्याच्या शुल्कातून वजा केलं, तर कर खातं ते वेतन धरतं.

लहान मुलांच्या संघाला मदत करायची असेल तर क्लब तुमचा गुन्हेगारी पार्श्वभूमीचा दाखला मागवू शकतो. स्वयंसेवकासाठी अर्ज क्लबने करायचा, तुमची लेखी संमती घेऊन. नोकरीसाठी मात्र तो स्वतः काढावा लागतो.

क्लब कायद्याने नोंदणीकृत संस्था असते आणि वार्षिक सभेत हिशेब सदस्यांपुढे येतो. वर्गणी भरून सदस्य झालेल्याने तिथे जाऊन बसावं. कागद फिनिश किंवा स्वीडिशमध्ये असतात, पण मैदानाचं भाडं, पंचांचं मानधन आणि विम्याचे आकडे भाषेशिवायही वाचता येतात.