खाणीच्या गेटावर अडलेलं घोडं

वाघोलीच्या खाणींतून निघालेलं निळंशार कॅव्हन्साइट हे खनिज जगभरात नावाजलं गेलंय, हे दगडांचा नाद असलेला कुणीही सांगेल. पण खाणीच्या गेटातून आत कसं शिरायचं, ते कुणी सांगत नाही.

पुण्याजवळच्याच एका खडीच्या खाणीवर गेलो. वॉचमन म्हणाला, मुनीमजींना विचारा. मुनीमजी म्हणाले, शेठला विचारा. शेठ फोन उचलेनात. परत गेलो तर लेखी अर्ज हवा. अर्ज नेला तर म्हणे, साध्या कागदावर चालत नाही, लेटरहेड पाहिजे. अहो, मी बँकेत कारकून, रविवारी दगड गोळा करतो, कसलं आलंय लेटरहेड? "मग कॉलेजचं पत्र आणा." माझा अर्ज तिथेच मुनीमजींच्या चहाच्या कपाखाली! आणि माझ्या डोळ्यांदेखत डंपर भरभरून दगड क्रशरकडे चाललेले. एका दगडाच्या पोकळीत स्फटिक लखलखताना दिसले, अन् त्याचीही खडी झाली. असा संताप आला म्हणून सांगू!

सुटका झाली ती बाहेरच्या चहाच्या टपरीवर. तिथे सुरुंगाचं काम बघणारा फोरमन भेटला. तो म्हणाला, "साहेब, दगडाचं कुणाला काय पडलंय? तुमच्या डोक्यात धोंडा पडला तर पोलीस आमच्याकडे येतात." मग 'काही झाल्यास जबाबदारी माझी' असं लिहून सही केली, त्यानेच शेठला फोन लावला, अन् काम झालं. तेव्हा हा कागद घरूनच लिहून न्या. हेल्मेटही न्या, ते बघून मुनीमजी जरा नरमतात.

आत कॅव्हन्साइट नाही मिळालं. डबराच्या ढिगात गुलाबीसर स्टिल्बाइट आणि थोडं हिउलँडाइट मिळालं, मी खूश. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपून हे स्फटिक वाढले. म्हणून फुटलेल्या दगडातल्या पोकळ्याच बघायच्या. उभ्या कड्याखाली जाऊ नका, आणि सुरुंगानंतर फोरमन हो म्हणेपर्यंत थांबा.

जळगाव, नाशिककडे विहीर खणताना निघालेला मालही चांगला असतो, शेतकऱ्याला विचारून बघा. खरं तर आधी सिन्नरचं गारगोटी संग्रहालय बघा, म्हणजे काय शोधायचं ते नजरेत बसतं.

आणि हो, ऑकेनाइटचे कापसासारखे पांढरे गोळे मिळाले तर ब्रश लावू नका. ते तंतू एकदा चिकटले की पुन्हा फुलत नाहीत.