अक्कलकोट रोडवरची माझी ओजेटी

एम.कॉम.च्या दुसऱ्या सत्रात आम्हाला ओजेटी असते, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग. 4 क्रेडिट, 120 तास, रोजची वही आणि शेवटी सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र. वर्गातल्या बऱ्याच जणांनी ओळखीच्या सीएकडे तास लावून घेतले. दिवसभर टॅलीत व्हाउचर टाकत बसायची माझी तयारी नव्हती, म्हणून कॉलेजचं पत्र घेऊन मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत फिरले. बहुतेक गेटांवर एकच उत्तर: शेठ बाहेरगावी गेलेत. आमच्या सोलापुरात शेठ लोक एवढा प्रवास कधी करायला लागले कोण जाणे. अखेर शेजारच्या काकांच्या ओळखीने टेरी टॉवेल एक्स्पोर्ट करणाऱ्या एका कारखान्यात जागा मिळाली. स्टायपेंड नाही. चहा आणि कूलर मात्र होता, आणि एप्रिल-मेच्या 42 डिग्रीत कूलर म्हणजे काय हे सोलापूरकराला सांगायला नको.

कॉलेजात सॉफ्ट स्किल्सच्या तासाला हस्तांदोलन कसं करायचं, मुलाखतीत डोळ्यांत बघून कसं बोलायचं हे शिकवलं होतं. इथे कुणी कुणाशी हस्तांदोलन करत नव्हतं. मला डिस्पॅच आणि बायरचा पत्रव्यवहार बघणाऱ्या मॅडमच्या शेजारी बसवलं आणि पहिलं काम मिळालं ते फोन करण्याचं.

कारखान्याचे स्वतःचे माग थोडे होते. बाकीचा माल पूर्व भागातल्या छोट्या कारखानदारांकडे जॉब वर्कवर विणायला जायचा. सूत इथून जायचं, टॉवेल तिकडून यायचे. रोज सकाळी त्या सगळ्यांना फोन लावून मालाची स्थिती विचारायची आणि मॅडमच्या तक्त्यात भरायची. मी अगदी अदबीने विचारायचे, "अन्ना, माल झाला का?" पलीकडून मागांच्या खडखडाटात उत्तर यायचं, "होतंय की ताई, होतंय. उद्या देतो." तक्त्यात मी सगळ्यांपुढे ‘उद्या’ लिहिलं. मॅडमने तो कागद बघितला, हसल्या, आणि पुढचा फोन स्वतः लावला.

"अन्ना, बीमवर किती शिल्लक आहे?"
"असंल की दीडशे नग."
"मग टेम्पो उद्या अकराला पाठवू की चारला?"
थोडा वेळ नुसताच खडखडाट. मग, "चारला पाठवा."

बीम म्हणजे मागावरचा सूत गुंडाळलेला रूळ; त्यावर किती उरलंय त्यावरून किती विणायचं बाकी आहे ते कळतं. दोन प्रश्नांत आकडा आणि वेळ दोन्ही हाती आले. ‘झालं का’ विचारलं की माणूस आपली समजूत काढतो. बीमचं विचारलं की तो उठून मागाकडे बघून येतो. मी तेच दोन प्रश्न पाठ केले. बहुतेक कारखानदार घरात तेलुगू बोलणारे, माझं तेलुगू ‘बागुन्नारा’च्या, म्हणजे ‘बरे आहात ना’च्या, पुढे जात नाही. पण तेवढ्याने सुरुवात केली की आवाज बदलायचा, हे नक्की. पुढचं सगळं मराठीतच. घरी मी भावाला "काय करलालास बे?" म्हणते, त्यामुळे दिवसभर ‘तुम्ही’, ‘आपण’ सांभाळताना सुरुवातीला जीभ अवघडायची.

खरी धास्ती इंग्रजी ईमेलची होती. एका लॉटचं वजन कमी भरलं होतं आणि बायरला कळवायचं होतं. मी मोठा मसुदा तयार केला. सुरुवातीला नमस्कार-चमत्कार, मग दिलगिरी, मग "काही टॉवेल किंचित हलके आले आहेत". मॅडमचं बोट ‘किंचित’वर थांबलं. "किंचित म्हणजे किती? तो माणूस आपल्या काट्यापाशी उभा आहे का?"

मग त्यांनी हिशेब मांडायला लावला. टॉवेल 75 बाय 150 सेंटिमीटरचा, म्हणजे 1.125 चौरस मीटर. ठरलेला जीएसएम 450, म्हणजे एका चौरस मीटरला 450 ग्रॅम. एका टॉवेलचं वजन साधारण 506 ग्रॅम यायला हवं. आम्ही गठ्ठ्यातून नग काढून काट्यावर ठेवले, तर 485 च्या आसपास भरत होते. म्हणजे सुमारे 4 टक्के कमी. नवा मेल चार ओळींचा झाला: विषयात ऑर्डर नंबर, पहिल्या ओळीत ठरलेलं आणि भरलेलं वजन, दुसरीत किती नगांचा प्रश्न आहे, तिसरीत आमचे दोन पर्याय, शेवटी उत्तर कधीपर्यंत हवं ती तारीख. मॅडमच्या इंग्रजीत ‘द’ आणि ‘अ’ कुठेही पडतात. पण बायरचं उत्तर त्याच संध्याकाळी आलं. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे हे आपण कौतुकाने सांगतो आणि सांगावंही, पण त्या मेलमध्ये कामाला आला तो काटा.

आणखी एक गोष्ट मला आधी पटली नव्हती. रंगाईत एक लॉट अडकला आणि शनिवारी निघणारा कंटेनर पूर्ण भरणार नाही हे मंगळवारीच दिसायला लागलं. मला वाटलं, चार दिवस आहेत, होईलही. आत्ताच कशाला घाबरवायचं? मॅडमने त्याच दुपारी बायरला आणि न्हावा शेवा बंदरावरच्या एजंटला दोघांनाही कळवलं, किती माल शनिवारी जाईल आणि उरलेला कधी, असं. बायर चिडला. पण गुरुवारी त्याने दोन खेपांत माल घ्यायचं कबूल केलं. शुक्रवारी रात्री कळवलं असतं तर एजंटच्या हातात काही उरलं नसतं, हे नंतर त्या एजंटनेच फोनवर मला सांगितलं, जरा जास्तच सविस्तर.

बाकी कामं पटापट अंगवळणी पडली. जॉब वर्कच्या मालाचं चलन तीन प्रतींत करायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं ‘हाय मॅडम’ पाठवून वाट बघत बसायचं नाही, काम त्याच मेसेजमध्ये लिहायचं. अकाउंटच्या काकांना जेवणाआधी सही मागायची नाही. हा शेवटचा नियम कुणी सांगत नाही, पहिल्याच दिवशी आपोआप कळतो.

ज्यांची ओजेटी यायची आहे त्यांनी तासांच्या वहीवर दर आठवड्याला सही घ्यावी. माझ्या एका मैत्रिणीचे सर मध्येच बदलून गेले आणि नवे सर जुन्या तासांवर सही करेनात.

मला मिळालेल्या प्रमाणपत्रावर ‘डॉक्युमेंटेशनच्या कामात साहाय्य’ असं छापलंय. फोनांचा उल्लेख नाही. रेझ्युमेत मी त्याच्याखाली स्वतःची एक ओळ घातली आहे: जॉब वर्क कारखानदारांकडून रोजची मालाची स्थिती घेणे, डिस्पॅचचा तक्ता तयार करणे. परवा एका मुलाखतीत त्याच ओळीवर बोट ठेवून विचारलं, "म्हणजे नेमकं काय करायचात?" मी बीमपासून सुरुवात केली.