रांग अडली की

प्रिंटर अडला की लोक पहिलं काय करतात? तीच फाइल पुन्हा पाठवतात. मग पुन्हा. एकाच अहवालाच्या चार प्रती रांगेत बसतात आणि मागचे सगळे खोळंबतात.

मी प्रिंटरकडे धावतच नाही. आधी 'एलपीस्टॅट -ओ' (lpstat -o) ही कमांड चालवून कोणाचं काम पुढे अडलंय ते बघते. नको असलेलं काम त्याचा क्रमांक देऊन 'कॅन्सल'ने काढायचं. अख्खी रांग पुसू नका. दुसऱ्याची कामं उडाली की जी बोलणी बसतात ती आपल्यालाच.

या सगळ्या कमांड 'कप्स'च्या (CUPS), म्हणजे लिनक्स आणि मॅकवर छपाई सांभाळणाऱ्या प्रणालीच्या. तिच्यातला एक फरक मला फार उपयोगी वाटतो. 'कप्सडिसेबल' केलं की छपाई थांबते, पण नवी कामं येऊन रांगेत साठत राहतात. कागद अडकला असेल तर हेच बरं. 'कप्सरिजेक्ट' केलं की नवं काम घेणंच बंद, आधीची मात्र छापून होतात. प्रिंटर दुरुस्तीला जाणार असेल तर हे, आणि उरलेली कामं 'एलपीमूव्ह'ने शेजारच्या प्रिंटरवर.

प्रत्येक कामाचं प्राधान्य १ ते १०० असतं, काही सांगितलं नाही तर ५०. 'माझं अर्जंट आहे' म्हणणाऱ्या प्रत्येकाला १०० दिलं तर रांग पुन्हा होती तशीच!