ताई, ओटीपी आला का?

कामाने पार थकून घसरलेलं माझं गाडं रुळावर यायला साधारण साडेतीन महिने लागले. त्यातले अकरा आठवडे एका बँकेच्या शाखेने खाल्ले. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर कशामुळे ते कळेल.

माझा छोटा छापखाना आहे. बिलबुकं, लेबलं, पत्रकं, थोडं बॉक्सचं काम. दोन मशिनं, एक कटिंग, पाच माणसं आणि मी. बारा वर्षं झाली. पहिली काही वर्षं रात्री बाराला प्लेटा बदलतानाही मजा यायची. मग ती कधी संपली ते कळलंच नाही. कळलं ते एका पत्रकामुळे. पाच हजार प्रती छापून, कापून, गठ्ठे बांधून झाल्या आणि गिऱ्हाइकाचा फोन आला की मोबाइल नंबरात नऊच आकडे आहेत. प्रूफ मीच पास केलं होतं. सगळा माल रद्दीत गेला. पूर्वी असं झालं असतं तर मी दोन रात्री झोपले नसते. या वेळी मी ‘बरं, परत छापून देतो’ म्हणाले आणि पुढचा फोन घेतला. वाईट वाटलंच नाही. याचीच नंतर भीती वाटली.

डॉक्टरांकडे गेले ते थकव्यासाठी. त्यांनी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासून घेतलं. सगळं ठीक निघालं. (तुम्हीही हे आधी तपासून घ्या. थायरॉइडच्या थकव्याला धंद्याचा थकवा समजून बसण्यात अर्थ नाही.) मग त्यांनी विचारलं, “काम सोडून बाकी कशात मन लागतं का?” लागत होतं. भाचीबरोबर पत्ते खेळताना मी खदाखदा हसायचे. ते म्हणाले, कशातच लागत नसतं तर मी तुम्हाला आजच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं, कारण नैराश्य आणि हे वरवर सारखंच दिसतं.

‘हे’ म्हणजे बर्नआउट. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर झालेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात त्याची नोंद केली आहे, पण आजार म्हणून नाही, कामातून येणारी अवस्था म्हणून. खुणा तीन: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. माझ्या तिन्ही रकान्यांत टिकमार्क होती. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये या अवस्थेवर पहिल्यांदा लिहिलं, ते न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात स्वयंसेवकांबरोबर काम करताना आलेल्या अनुभवावरून. स्वयंसेवक, म्हणजे स्वतःहून आलेली माणसं! हे वाचून मला फार बरं वाटलं, कारण ‘तुझाच तर धंदा आहे, तुला कोण सांगतंय एवढं राबायला?’ हे ऐकून माझे कान किटले होते.

पहिला उपाय सगळे सांगतात तोच केला, चार दिवस सुट्टी. दुसऱ्या दिवशी फोनला रेंज नव्हती, ओटीपी आला नाही. कागदवाल्याचे पैसे गेले नाहीत, त्याने गाडी सोडली नाही, मशीन दीड दिवस उभं राहिलं. परत आले ती जास्तच थकून.

मग एक वही केली. दोन आठवडे, मला कोणीही काहीही विचारायला आलं की एक ओळ लिहायची: कोण, कशासाठी, माझ्याशिवाय अडलं असतं का. आधी वाटलं होतं की काम जास्त आहे. वही वाचल्यावर दिसलं की काम होतं तेवढंच होतं, पण सलग वीस मिनिटं माझी स्वतःची नव्हती. ख्रिस्तिना मास्लाक आणि मायकेल लायटर हे दोन संशोधक माणूस जिथून जळायला लागतो अशा सहा जागा सांगतात: कामाचा बोजा, ताबा, मोबदला, सोबतची माणसं, न्याय्य वागणूक आणि मूल्यं. मी बोजावरच बोट ठेवून बसले होते. मालक असल्यावर ताबा आपलाच, असं आपण धरूनच चालतो. माझा ताबा वहीतल्या तीन ओळींकडे होता: “ताई, याचा दर काय सांगू?”, “ताई, प्रूफ बघता का?” आणि “ताई, ओटीपी आला का?”

दराचं पान एका दुपारी झालं. कागद, जीएसएम (म्हणजे कागदाचं वजन), रंग, प्रती, वेस्टेज, बायंडिंग, आणि किती कमीपर्यंत उतरायचं. बारा वर्षं डोक्यात होतं, पानावर दीडच बाजू भरली. जरा अपमानच वाटला. प्रूफसाठी नियम केला: गिऱ्हाइकाची सही आणि फोन नंबर मोठ्याने वाचणे, दोन्ही झाल्याशिवाय प्लेट करायची नाही. संपलं.

आता ओटीपी. कागद, प्लेटा, शाई, वीजबिल, पगार, प्रत्येक पैसे भरण्याला मंजुरीचा आकडा फक्त माझ्या फोनवर यायचा आणि काही मिनिटांत बाद व्हायचा. त्यामुळे फोन न्हाणीघरातही सोबत. हिशेब बघणारी मुलगी आठ वर्षं आमच्याकडे आहे. तिला ठरावीक रकमेपर्यंत स्वतः पैसे भरता यावेत, त्यावरच्या रकमेला तिने व्यवहार तयार करून ठेवावा आणि मी दिवसातून एकदाच मंजुरी द्यावी, एवढं मला हवं होतं. बँका याला मेकर-चेकर म्हणतात. त्यांच्याच पत्रकात ‘सोपी सुविधा’ असं छापलं होतं. छपाईही खराब होती, रंग सरकलेला.

पहिल्या खेपेला फॉर्म मिळाला. दुसऱ्या खेपेला भरलेला फॉर्म घेऊन आम्ही दोघी गेलो, तर तो बघणारे साहेब रजेवर. त्यांच्या जागी कोणी? कोणी नाही. (मनात आलं, यांनाही माझाच रोग आहे.) तिसऱ्या खेपेला साहेब भेटले, पण छापखान्याचा पत्ता जुना निघाला. आम्ही चार वर्षांपूर्वी जागा बदलली होती. आधी पत्ता बदलायचा, तो सिस्टिममध्ये दिसला की मग हा फॉर्म. सगळी कागदपत्रं एकदाच का नाही सांगत, असं विचारल्यावर उत्तर आलं, “मॅडम, केस टू केस असतं.” पहिल्याच दिवशी ‘काय काय लागेल ते कागदावर लिहून द्या’ म्हणा, आणि अर्ज दिल्याची पोच, शिक्का, तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मी पत्त्याच्या अर्जाची पोच घेतली नाही. तो अर्ज सापडेना. पुन्हा दिला. तीन आठवडे.

पाचव्या खेपेला खरी गंमत. साहेबांनी स्क्रीनकडे बघितलं, माझ्या अर्जाकडे बघितलं, पुन्हा स्क्रीनकडे.

“मॅडम, ही तुमची सही नाही.”

“मी तुमच्यासमोर केली ना आत्ता?”

“हो, पण जुळत नाही.”

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. खातं उघडलं त्या दिवशीची नमुना सही. पहिलं अक्षर भलं मोठं, आडनाव पूर्ण, खाली एका झटक्यात ओढलेली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. दोन टिंबं! ती मी कुठून आणली होती कोण जाणे. अर्जावर होती ती एक नागमोडी ओळ, शेवटी घसरलेली. चेक, चलनं, गेटपास यांवर दिवसाला वीस-तीस वेळा करून करून झिजलेली. मी गप्पच बसले.

सही बदलायची तर वेगळा अर्ज. त्या अर्जावर सही कोणती? जुनी. म्हणजे मला जी सही येत नाही ती करून, ती मला येत नाही असं कळवायचं. हसावं की रडावं कळेना. घरी येऊन वाया गेलेल्या शीटांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी शंभरेक वेळा तरी जुनी सही गिरवली. नवऱ्याने विचारलं, “स्वतःचीच नक्कल करतेस?” माझा पारा चढला. सहाव्या खेपेला गिरवलेली सहीही जुळली नाही, कारण गिरवलेली सही गिरवलेलीच दिसते. शेवटी मॅनेजरांच्या केबिनमध्ये जाऊन बसले आणि काम होईपर्यंत उठणार नाही असं शांतपणे सांगितलं. मग कळलं की मूळ ओळखपत्रं दाखवून त्यांच्यासमोर नवी नमुना सही देता येते आणि ते ती साक्षांकित करू शकतात. वीस मिनिटांचं काम. हे खिडकीवर कोणालाच माहीत नव्हतं, की माहीत असून सांगायचं नव्हतं, हा प्रश्न मला अजून छळतो. तुमची सही बदलली असेल तर थेट मॅनेजरकडे जा.

नवी सही मी मुद्दाम सावकाश केली. टिंबं दिली नाहीत.

यानंतर फक्त ‘प्रोसेसमध्ये आहे’ उरलं. ते चार आठवडे चाललं. सुविधा सुरू झाली तर मुलीला व्यवहार नुसते बघता येत होते, करता काहीच येत नव्हतं. कोणीतरी चुकीचा रकाना टिक केला होता. सातवी खेप.

अकराव्या आठवड्यात एका मंगळवारी तिने पहिल्यांदा स्वतः कागदवाल्याचे पैसे भरले. मी समोरच बसून होते, फोन हातात धरून. ओटीपी तिच्या फोनवर वाजला. तिने आकडा टाकला आणि म्हणाली, “ताई, झालं.” एवढंच. मी उठून मशीनकडे गेले, कारण खुर्चीत बसून करायला काही नव्हतं.

विश्वासाचं काय, असं सगळे विचारतात. माणूस आठ वर्षांपासून आमच्याकडे आहे, शिवाय मर्यादा आहे, प्रत्येक व्यवहाराचा मेसेज मला येतो, आणि रोज संध्याकाळी स्टेटमेंट मी स्वतः बघते. नुसत्या विश्वासावर मीही सोडलं नसतं. आणि तिचा पगार वाढवला. जबाबदारी वाढवून पगार तोच ठेवायचा म्हणजे आपला बर्नआउट तिच्या टेबलावर सरकवणं.

एक राहिलंच. बँकेच्या फेऱ्या चालू असताना झोप उडाली होती, तेव्हा वहीचा दुसरा उपयोग सापडला. रात्री पाच मिनिटं उद्याची कामं लिहून काढायची. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५७ तरुणांपैकी ज्यांनी पुढची कामं लिहिली ते, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले. नऊ मिनिटं फार नाहीत, पण मला तेव्हा नऊही पुष्कळ होती. मात्र ‘बँक’ असं नुसतं लिहून भागत नाही. ‘बँक, पोच मागणे’ असं लिहायचं.

आणि एक गिऱ्हाईक सोडलं. दर वेळी रात्री दहानंतर फोन, दर वेळी ‘अर्जंट’, पैसे मात्र चार महिन्यांनी. ‘तुमचं काम आम्हाला आता झेपणार नाही’ हे वाक्य बोलायचं ठरवायला मला दीड वर्ष लागलं आणि बोलायला दहा सेकंद. पहिल्या महिन्यात धंदा कमी झाला, हे लपवत नाही.

मी छापखाना काढला तो चाररंगी कामासाठी. निळा, मजेंटा, पिवळा आणि काळा, चारही रंगांच्या खुणा भिंगाखाली एकावर एक बसल्या की जे वाटतं त्यासाठी. मधली पाच-सहा वर्षं मी भिंगाला हातच लावला नव्हता. आता सकाळचे दोन तास मी मशीनवर असते, फोन खणात. परवा मशीनवरचे काका म्हणाले, “ताई, मजेंटा जरा सरकलाय, तुम्ही बघता की मी बघू?” मी म्हटलं, “थांबा, मला बघू द्या.” केसाएवढा सरकला होता. तो जागेवर आणायला अर्धा तास गेला आणि अर्धा तास गेल्याचं मला घड्याळ बघितल्यावर कळलं.

हिशेबवाली पुढच्या महिन्यात पंधरा दिवस रजेवर चालली आहे. रजा हक्काची आहे, घेतलीच पाहिजे. म्हणजे खात्यावर तिसरं नाव घालावं लागणार. या वेळी सगळ्या कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स काढून ठेवल्यात आणि सोमवारी सकाळी थेट मॅनेजरांच्या केबिनमध्ये जाणार आहे.