दातात धरलेलं बटण

व्हेनिसमधल्या एका दुकानातल्या बाईंनी काळ्या मखमलीचा लंबगोल मुखवटा हातात दिला. बांधायला दोरी नव्हती. उलटून पाहिला, तर आत तोंडापाशी फक्त एक बटण.

"हे दातात धरायचं."

नवऱ्याने लगेच विचारलं, "मग बोलायचं कसं?"

"बोलायचंच नाही."

मोरेत्ता म्हणतात त्याला. जुन्या व्हेनिसच्या बायका घालायच्या.

सकाळपासून रिआल्तो पूल ते सान मार्को चौक पायी भटकलो. १९७९ साली पुन्हा सुरू झालेल्या इथल्या कार्निव्हलचे, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवाचे, कितीतरी देखणे चेहरे पाहिले. पण रात्री डोळ्यांसमोर ते बटणच, आणि का कोण जाणे, चारचौघांत तोंडाला पदर लावून बसलेली माझी आजी.

एखादं वाक्य अगदी ओठांवर आलं, तर मोरेत्ता घातलेल्या बाईने मुखवटा काढला असेल, की वाक्य गिळलं असेल?