तीनशे दोन नंबर

मी काय काम करते हे आईला फोनवर सांगायचं म्हणजे पंचाईत. "दुकानात जुनी कार्डं निवडते" म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे लग्नपत्रिका येतात.

नवऱ्याच्या नोकरीमागे मिळणाऱ्या एच-फोर व्हिसावर न्यू जर्सीत आले. कामाचा परवाना हातात पडेपर्यंत माझ्या बी.कॉम.ला गंज चढला होता. शेवटी घराजवळच्या बेसबॉल कार्डांच्या, म्हणजे खेळाडूंचे फोटो छापलेल्या संग्रहाच्या कार्डांच्या, दुकानात आठवड्यातून तीन दिवसांचं काम मिळालं. लोक तळघरं रिकामी करतात, बुटांच्या खोक्यांतून कार्डं आणतात. मालक अख्खा लॉट घेतो आणि माझ्यापुढे ओततो. आधी वर्षवार लावायचं, मग नंबरवार. घड्या, टाचणीची भोकं, पेनच्या रेघा बघायच्या आणि ढीग मालकाकडे सरकवायचा, किंमत तो लावतो. तांदूळ निवडत मोठी झालेल्या बाईला यात अवघड काही नाही. बेसबॉल मात्र मला अजून धड कळत नाही.

दर शनिवारी अकराच्या सुमारास एक आजोबा यायचे. मूळ न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचे, बस चालवून निवृत्त झालेले. खिशात वही, वहीत नंबर, बहुतेक सगळे खोडलेले. टॉप्स या कार्डं छापणाऱ्या कंपनीचा १९५७चा सेट पुरा करायचा होता, एकूण ४०७ कार्डं. लहानपणी जमवलेली, ते सैन्यात गेले तेव्हा आईनं कचऱ्यात टाकली. (ही गोष्ट आमच्या दुकानात दर दुसरा म्हातारा सांगतो. आपल्याकडे निदान रद्दीवाला तरी चार पैसे देतो.) नियम एकच, कार्डाला वीस डॉलरच्या वर द्यायचे नाहीत. मिकी मँटल या नामवंत खेळाडूचं महागडं कार्ड मुलीनं पंचाहत्तरीला दिलं, म्हणून ते हिशेबात नाही.

स्वस्तात कसं घ्यायचं ते मी त्यांच्याकडूनच शिकले. बाजार पैसे मोजतो ते चार टोकदार कोपऱ्यांचे आणि फोटो बरोबर मध्यावर छापला गेल्याचे. एक ते दहा अशी प्रत ठरते आणि एकाच खेळाडूच्या दोन कार्डांत शेकडो डॉलरांचा फरक पडतो. आजोबा दोष पाठीवर असलेली कार्डं शोधायचे. कार्डांच्या पाकिटात सोबत यायच्या त्या च्युइंगगमचा डाग, अल्बमची खळ, पेन्सिलची गिरगोट. "अल्बमच्या खणात ठेवल्यावर पाठ कोण बघतंय?" खेळाडू दुसऱ्या संघात गेला की त्या काळची पोरं कार्डावरचं संघाचं नाव पेनानं खोडून नवं लिहायची. अशा कार्डाची किंमत कोसळते. आजोबा ती मुद्दाम घ्यायचे. म्हणायचे, हे पोरगं लक्ष देऊन खेळ बघत होतं.

१९५७च्या सेटमध्ये खरी अडचण करतात ते २६५ ते ३५२ हे नंबर. तेव्हा कार्डं हंगामभर टप्प्याटप्प्यानं दुकानांत यायची, आणि या टप्प्यातली आज फार कमी सापडतात. तिथे कोणी नाव न ऐकलेला खेळाडूसुद्धा भाव खातो. आजोबांचा ३०२ राहिला होता, आणि तो तर सँडी कोफॅक्स. तोही ब्रुकलिनचाच, डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा), तेव्हा एकवीस वर्षांचा आणि अजून कोणी विशेष न झालेला. त्याच हंगामानंतर डॉजर्स संघ ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेला. पुढे कोफॅक्स एवढा मोठा झाला, की वीस डॉलरांत त्याचं कार्ड मागणं म्हणजे देवगड हापूस बाजारभावाच्या दहाव्या हिश्शात मागणं.

त्या शनिवारी तळघरात पाणी शिरलेल्या घरातून एक लॉट आला होता. बुरशीचा वास, अर्धं खोकं लगदा. निवडताना हाताला जाड पुठ्ठा लागला. दोन कार्डं तोंडाला तोंड लावून चिकटलेली. एका पाठीवर कुठल्याशा कॉमन, म्हणजे फारसं नाव नसलेल्या, खेळाडूचा नंबर. उलटवलं, तर लाल-निळ्या छपाईत ३०२.

मी मालकाकडे नेलं. त्यानं उजेडात धरून पाहिलं. "पंधरा. आहे तसं. आधी पैसे, मग काय करायचं ते करा." कंजूष म्हणावा का उदार, मला ठरवता आलं नाही. आजोबांनी पंधरा डॉलर मोजले आणि तो पुठ्ठा हातात धरून उभे राहिले. सोडवायला गेलं आणि फाटलं तर?

आणि इथे माझे वडील मदतीला आले, म्हणजे त्यांची परात. साताऱ्याला ते पाकिटांवरची टपाल तिकिटं पाण्यात सोडवायचे. ओढायचं नाही, कागद आपण होऊन सुटला पाहिजे. मी तसं सांगितलं. आजोबा म्हणाले, "मग तूच कर. माझे हात थरथरतात." मागच्या खोलीत डब्याच्या झाकणात डिस्टिल्ड पाणी ओतलं. पंचवीस मिनिटं कोणी बोललं नाही. मालक गिऱ्हाईक सोडून दारात येऊन उभा. मग एक कोपरा हलला. बोटाच्या पेरानं पाणी आत जाऊ दिलं, पुन्हा थांबले, पुन्हा थोडं. दोन्ही सुटली.

कोफॅक्सच्या खांद्याजवळ पांढरा चट्टा पडला होता, टोपीची एक कडा गेली होती. मला रडू यायचं बाकी होतं. आजोबा झाकणावर वाकले. "चेहरा आहे की!"

आठवडाभर टीपकागदांत, वर टेलिफोनची जुनी जाड डिरेक्टरी. पुढच्या शनिवारी ते अल्बम घेऊनच आले. नऊ खणांच्या प्लास्टिकच्या पानात एकच खण रिकामा होता. त्यांनी मला सरकवायला सांगितलं. मी नको म्हटलं, हे तुमचं तुम्हीच करा. थरथरत्या हातांनी बराच वेळ लागला. मग वहीतला ३०२ खोडला, पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं, १९५६चं काही आलंय का?

दुसरं कार्ड त्यांच्याकडे आधीच होतं, म्हणून त्यांनी ते काउंटरवरच ठेवलं. त्या बिचाऱ्या कॉमनच्या छातीवर कोफॅक्सच्या टोपीची निळी कडा उमटलीय, आरशातल्यासारखी उलटी. मालक म्हणाला, पंचवीस सेंटच्या खोक्यात टाक. मी गल्ल्यात पंचवीस सेंट टाकले आणि ते पर्समध्ये ठेवलं.